साने गुरुजी आणि माझी निळी वही

मंडळी, बरेच दिवस झाले काही लिहिले नाही. आधी डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढायला घेतला. रंगासाठी कपाट रिकामे करताना निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही हाती लागली आणि तिने गेले काही दिवस मला दुसरे काही सुचू दिलेले नाही. लेख थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्यावे.

वही माझीच. नोकरीत असताना भाषणांसाठी ठेवलेली. टिळक पुण्यतिथी, १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, गांधी जयंती आणि २४ डिसेंबर, म्हणजे साने गुरुजी जयंती. १९७३ ते २००८ अशी पस्तीस वर्षे मी मास्तरकी केली, आधी धुळे जिल्ह्यात आणि नंतर जळगाव जिल्ह्यात. बाकीची भाषणे मी अधूनमधून बदलत होतो. त्यात खाडाखोड आहे, चिकटवलेली कात्रणे आहेत. साने गुरुजींच्या भाषणाला मात्र एकही खाडाखोड नाही. समासात फक्त साले लिहिली आहेत. ७४, ७५, ७८, ८१... शेवटचे २००७. दरवर्षी मुले नवी असतात, त्यामुळे भाषण जुने असले तरी चालते. मास्तर लोकांना हे सांगायला नकोच!

भाषण साडेतीन पानांचे आहे. आता निवृत्त माणसाला वेळच वेळ, म्हणून मी ओळी मोजल्या. पालगड, घरची गरिबी आणि आई यांना अडीच पाने. अमळनेरच्या शाळेला आणि छात्रालयाला अर्धे पान. स्वातंत्र्यलढ्याला चार ओळी. पंढरपूरला एक ओळ. शेवटी त्यांच्या प्रार्थनेचा उल्लेख, आणि त्याच्या आधी हे वाक्य: "११ जून १९५० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली."

प्राणज्योत मालवली! जणू खिडकीतून वारा आला आणि समई विझली. मराठीत असे शब्द आपण कशासाठी करून ठेवलेत ते मला या वयात कळू लागले आहे. या वाक्याकडे मी शेवटी येईनच, कारण खरे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

कुणाला वाटेल, एका खेड्यातल्या मास्तराच्या वहीचे एवढे काय? पण मला वाटते, जी माझ्या वहीची गत तीच उभ्या महाराष्ट्राच्या वहीची. आपण साने गुरुजींना विसरलेलो नाही. शाळांना त्यांचे नाव आहे, वाचनालयांना आहे, वसाहतींना आहे. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. स्मरणात काही कमी नाही. पण अडीच पाने आईला आणि एक ओळ पंढरपूरला, ही वाटणी आपण सगळ्यांनीच कधीतरी करून टाकली आणि पुढे तीच गिरवत राहिलो.

पुस्तकापासून सुरुवात करतो. 'श्यामची आई' गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहायला घेतले, ९ तारखेला सुरुवात आणि १३ तारखेच्या पहाटे शेवट. पाच दिवस! पुस्तक छापून आले १९३५ साली. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. नव्वद वर्षे होऊन गेली, पुस्तक खपतेच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ते कुणीही छापू शकतो आणि छापतोही. आमच्या जळगावच्या स्टँडबाहेर पुस्तकांच्या गाड्यावर चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांचे 'श्यामची आई' मी पाहिले आहे. चारही मुखपृष्ठांवर आई बसलेली आणि मुलगा तिच्याजवळ.

हे पुस्तक मी वर्गात किती वेळा वाचून दाखवले त्याला गणती नाही. खानदेशच्या पोरांना त्यातले निम्मे जग परके. फणस म्हणजे काय, तो झाडाला कुठे लागतो, समुद्र किती लांब, असे प्रश्न यायचे. आमची पोरे कपाशी वेचायला जाणारी, केळीच्या बागेत पाणी धरणारी. तरीही पायाचे तळवे मळू नयेत म्हणून आईने ओलेते पातळ पसरले, हा प्रसंग आला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. बहुतेक मुलांच्या आयाही पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापून शेतावर निघणाऱ्या. कोकण कळले नाही तरी आई कळायची. ही त्या पुस्तकाची ताकद आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा बिलकुल विचार नाही.

मग अत्र्यांचा सिनेमा. १९५३ साली आला आणि १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमाला आई, माधव वझे श्याम. मी तो पाहिला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. धुळ्यात आमच्या भागात पांढरा पडदा बांधून दाखवला होता. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, आमची आई तर घरी येईपर्यंत बोलली नाही. वडील, म्हणजे आमचे नाना, मात्र वाटेत गप्प गप्प. ते गिरणीत कामाला होते. अंगणात खाटेवर बसल्यावर ते आईला म्हणाले, "हाई त्यास्नं धाकलपन शे. मी देखेल गुरुजी येगळा व्हतात."

नानांनी गुरुजींना तरुणपणी एकदाच पाहिले होते, कामगारांच्या सभेत. पुढे मी मास्तर झालो, गुरुजींवर भाषणे ठोकू लागलो, तेव्हा त्यांना विचारले, "नाना, भाषण करताना ते रडायचे का हो?" लोक तसे सांगतात म्हणून विचारले. नाना म्हणाले, "रडे बिडे काही नही. भडकेल व्हतात."

हे वाक्य मी ऐकले, हसलो आणि सोडून दिले. वहीत कुठेही त्याची नोंद नाही.

आता त्या 'भडकेल' माणसाबद्दल. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, रत्नागिरी जिल्हा. तत्त्वज्ञानाच्या ओढीने हा कोकणी तरुण अमळनेरला आला. प्रताप शेटजींच्या उदारपणामुळे तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. तिथून ते १९२४ च्या सुमारास खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलात, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कूलात, शिक्षक झाले. छात्रालय सांभाळले. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, खोल्या झाडणे या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. त्या मानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे छात्रालयातल्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. रोज! दिवसभर शिकवून, मुलांचे सारे करून, शिवाय दैनिक. मी महिन्यातून एकदा भित्तिपत्रक लावायचो तर जीव मेटाकुटीला यायचा. 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. 'गुरुजी' हे नाव त्यांना इथेच, खानदेशात मिळाले. कोकणाने श्याम दिला, गुरुजी केले ते आमच्या बोरीकाठच्या अमळनेराने. (एवढा अभिमान चालेल ना?)

नोकरी केली ती अवघी सहा वर्षे. १९३० साली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा राजीनामा दिला आणि तुरुंगात गेले. आधी धुळे, मग थेट त्रिचनापल्ली. तिथे दक्षिणेतले सत्याग्रही भेटले, शेजारच्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना लाज वाटली, आणि तुरुंगातच ते तमिळ शिकू लागले. तिरुवल्लुवरांचे 'कुरळ' त्यांनी मराठीत आणले. पुढे 'आंतरभारती'चे स्वप्न त्यांनी मांडले, त्याचे मूळ या तुरुंगात आहे. २०२५ साली आपल्याकडे पहिलीपासून हिंदी शिकवावी की नको यावरून केवढे रान उठले. दोन्ही बाजूंनी खूप लिहिले गेले, मीही सगळे वाचले. मराठी घट्ट धरून शेजाऱ्याची भाषा आपखुषीने शिकणारा हा माणूस मात्र त्या गदारोळात मला फारसा कुठे दिसला नाही.

१९३२ साली पुन्हा धुळ्याचा तुरुंग. विनोबाही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने विनोबांनी गीतेवर दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. आज देशातल्या कितीतरी भाषांत 'गीता प्रवचने' वाचली जातात ती या लेखणीमुळे. धुळ्यात वाढलेल्या मला हे ठाऊक व्हायला बी.ए. व्हावे लागले. ज्या तुरुंगाच्या भिंतीवरून आम्ही लहानपणी रोज जायचो, तिच्या आत काय घडले ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मग मी तरी पोरांना कुठे सांगितले? वहीत धुळ्याच्या तुरुंगाची ओळ शोधली, नाही.

मग डिसेंबर १९३६ चे फैजपूर. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. त्याच्या तयारीसाठी गुरुजी पूर्व खानदेशात गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांच्या साऱ्याचा प्रश्न, गिरणी कामगारांचा प्रश्न, सगळीकडे हा माणूस उभा. नानांनी पाहिला तो याच काळातला. आणि ही सरकारेही परकी नव्हेत, १९३७ नंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. आपल्याच लोकांच्या राज्यात शेतकऱ्यासाठी भांडायचे म्हणजे काय, याचा अनुभव गुरुजींनी स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधीच घेतला.

पंढरपूरकडे मात्र जरा थांबतो. माझ्या वहीत एक ओळ आहे ना, म्हणून मुद्दाम.

'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. अस्पृश्य समाजातली एक म्हातारी, लाकडांची मोळी, तिला ती उचलवत नाही आणि कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर. हा प्रसंग मी वर्गात नेहमी वाचायचो, आंघोळीसकट. एकदा, १९८० च्या आसपास असेल, मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आंघोळ कशाला?" मी म्हणालो, तो काळ तसा होता. उत्तर खोटे नव्हते. पण तो मुलगा ज्या वस्तीतून यायचा ती गावाबाहेर होती, आणि त्याला त्या उत्तराने काय मिळाले असेल ते मी तेव्हा मनात आणले नाही.

खरे उत्तर माझ्याजवळ होते. ते असे की ज्या मुलाला आईने आंघोळ करायला सांगितले तो तिथेच थांबला नाही. तो मोठा झाला, महाराष्ट्रभर महिनोन् महिने हिंडला, मंदिरे आणि विहिरी उघडा म्हणून गावोगाव सांगत सुटला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसला. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडत नाही तोवर अन्न नाही. बडव्यांचा विरोध होता. सनातन्यांच्या शिव्या होत्या. स्वातंत्र्य तोंडावर आले असताना हे काय काढले, असे म्हणणारे स्वपक्षीय होते. गांधीजींनाही हे उपोषण पटले नव्हते आणि त्यांनी ते थांबवायला सांगणारी तारही केली. ज्याला देव मानले त्याची तार आली तरी गुरुजी हलले नाहीत! दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि १० मे रोजी, दहाव्या दिवशी, ते उपोषण सुटले. मंदिर उघडायचे ठरले.

त्या आंघोळीपासून या उपोषणापर्यंतचा रस्ता मुलांना दाखवायला हवा होता. आईच्या संस्कारांचे म्हणाल तर त्यांचे खरे फळ तिथे आहे. आईने सांगितले त्याच्या पुढे जाणे. आम्ही मास्तरांनी श्यामला जन्मभर आईच्या मांडीवरून उतरूच दिले नाही.

टीकाही पुष्कळ झाली, तिचेही थोडे बोलले पाहिजे. रडवे साहित्य, भाबडे साहित्य, हे आम्ही कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो. साठ-सत्तरच्या दशकांत नवे वाचणाऱ्या पोरांना साने गुरुजी आवडतात असे सांगायची चोरी होती. मी स्वतः वसतिगृहात मित्रांबरोबर त्यांची टिंगल केली आहे आणि रात्री तेच पुस्तक काढून वाचले आहे. त्यांचे सगळे लेखन सारख्या तोलाचे नाही हे मान्य. पुष्कळसे झपाट्याने लिहिलेले, कुणाला तरी पैशाची मदत करायची म्हणून लिहिलेले वाटते. व्हिक्टर ह्यूगोची अख्खी 'ले मिझराब्ल' त्यांनी 'दुःखी' म्हणून मराठी वेषात आणली, तीही आज कोण वाचतो?

आमच्या धाकटीची टीका मात्र मला जास्त झोंबली. ती बँकेत आहे, नोकरी करून दोन मुले सांभाळते. ती म्हणाली, "पप्पा, त्या पुस्तकातली आई स्वतःसाठी एकदा तरी काही मागते का? आणि तुम्ही लोक तेच आम्हाला आदर्श म्हणून वाचायला देता." मी वाद घातला. काळ, गरिबी, एकत्र कुटुंब वगैरे. मग रात्री पुस्तक काढले आणि तिच्या नजरेने वाचू लागलो. तिचे सगळेच मला पटले असे नाही, पण एक दिसले. आईच्या हालांचे कौतुक श्याम करत नाही, त्याला त्यांची टोचणी लागलेली आहे. टोचणी वगळून आपण फक्त कौतुक उचलले, आणि मातृदिनाच्या शुभेच्छापत्रावर छापायला ते बरे पडते.

यात साने गुरुजी एकटे नाहीत म्हणा. गांधीजींचे काय केले? चष्मा आणि झाडू एवढे ठेवले. लेखकाला जपताना त्यातले सोपे तेवढे जपायचे, ही सगळ्याच समाजांची खोड असावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष रवींद्र शोभणे. यापूर्वी तिथे संमेलन झाले होते ते १९५२ साली, कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे गुरुजींना जाऊन दोन वर्षे झाली होती तेव्हा. बहात्तर वर्षांनी योग आला आणि त्याच वर्षी गुरुजींची १२५ वी जयंती, म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून मी जळगावहून एस.टी.ने गेलो. गुरुजींचे नाव सगळीकडे होते. फलक, कमानी, पिशव्या, टोप्या. पुस्तकांच्या गाळ्यांतून तीन तास फिरलो. 'श्यामची आई' जवळजवळ प्रत्येक गाळ्यात. 'भारतीय संस्कृती' काही ठिकाणी. पंढरपूरवर काही आहे का विचारले तर एका मुलाने मला विठ्ठलाच्या अभंगांचे पुस्तक दिले. त्याचा दोष नाही.

त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. संध्याकाळी तिकडेही गेलो. आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "काय हो, इकडे कुठे?" मी म्हणालो, "गुरुजी कुठे सापडतात ते बघतोय." खरे सांगायचे तर गुरुजी दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडे अर्धे अर्धे. एका मंडपात आईचा श्याम आणि दुसऱ्या मंडपात पंढरपूरचा सत्याग्रही. दोघांची गाठ घालून देईल असा माणूस मला भेटला नाही. नाही म्हणायला नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या सुजय डहाके यांच्या नव्या 'श्यामची आई' सिनेमात तसा प्रयत्न आहे. काळा-पांढरा सिनेमा आणि त्यात तुरुंगातले, लढ्यातले मोठे गुरुजीही आहेत, ओम भूतकर यांनी केलेले. नातवंडांना घेऊन गेलो होतो. धाकटा कंटाळला, थोरल्याने मात्र विचारले, "आजोबा, हे जेलमध्ये का होते?" असा प्रश्न १९५३ च्या सिनेमानंतर आम्हा पोरांपैकी कोणी विचारल्याचे आठवत नाही.

आता ते वाक्य.

स्वातंत्र्यानंतर गुरुजी फक्त तीन वर्षे जगले. गांधीजींची हत्या झाली, एका महाराष्ट्रीय माणसाच्या हातून झाली, म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते. आणि ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय पन्नास. का, याची एकेका वाक्यातली उत्तरे लोक देतात. स्वप्नभंग झाला, गांधी गेले, एकटेपणा होता. माझा अशा उत्तरांवर विश्वास नाही. माणसाच्या मनातले असे एका कारणात मावत नाही.

पुण्यतिथी शाळेला नेहमीच सोयीची पडली. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे ११ जून सुट्टीत जातो आणि बोलायचा प्रश्न येत नाही. जयंतीला उल्लेख करायचा तर 'प्राणज्योत मालवली' आहेच.

डिसेंबर २००४. जळगाव जिल्ह्यातले गाव, सातवीचा वर्ग. दुसऱ्या दिवसापासून नाताळची सुट्टी, मुले घरी जायच्या घाईत. माझे भाषण संपले. काही शंका? असे मी सवयीने विचारले. कधीच कोणी काही विचारत नसे. त्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. हडकुळा, बोलायला कमी, अक्षर सुंदर. घरची अहिराणी त्याच्या तोंडून सुटत नसे. म्हणाला, "गुरुजी, साने गुरुजी कसा वारनात?"

मला उत्तर ठाऊक होते. मुलांसमोर नको, असे वाटले. शेजारच्या वर्गात हेडमास्तर होते. मी म्हणालो, "आजारपणाने, बाळ." तो "बरं" म्हणाला आणि खाली बसला. घंटा झाली.

फेब्रुवारीत त्याचा मामा दाखला न्यायला आला. आई माहेरी चालली होती, मुलाला तिकडच्या शाळेत घालणार होते. मी दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून सही करत होतो तेव्हा आमच्या क्लार्कनी हळूच सांगितले. त्याच्या वडिलांची कपाशी होती, कर्ज होते. दिवाळीआधी त्यांनी स्वतःला संपवले होते. गावाला ठाऊक होते. मला नव्हते, कारण मी जळगावहून येऊन जाऊन होतो, सव्वापाचच्या गाडीने परत.

मुलगा बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. मी गेलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, अभ्यास कर म्हणालो. दुसरे काही बोलता आले नाही. पुढे तो कुठे गेला, काय झाले, कळले नाही. नाव इथे लिहीत नाही.

त्याने काय विचारले होते ते तेव्हा कळले. कदाचित साऱ्या वर्गात, साऱ्या गावात त्याला कोणी सांगणारे नव्हते की जो माणूस असा गेला तो वाईट नव्हता, भित्रा नव्हता, दिवसाला चार माणसांचे काम करणारा, दुसऱ्यांसाठी झिजणारा होता, आणि त्यालाही मन मोकळे करायला, मदत मागायला कोणी हवे होते. हे सांगायला आपल्याजवळ साने गुरुजींहून मोठे नाव नव्हते. आणि मी त्यांना आजारपणाने मारून टाकले.

आणि तरी पुढची तीन वर्षे, २००५, ०६, ०७, मी तेच भाषण केले. समासात साले आहेत.

रंगारी गेल्यावर मी त्या वाक्यावर रेघ मारली. पस्तीस वर्षांतली त्या भाषणावरची पहिली खाडाखोड. खाली नवे लिहायला बसलो, दोनदा लिहिले, दोनदा फाडले. थोरल्या नातवाच्या शाळेत २४ डिसेंबरला आजी-आजोबांपैकी कोणीतरी पाच मिनिटे बोलायचे आहे आणि त्याने माझे नाव देऊन टाकले आहे. बाईंना मी फोन केला. पंढरपूरवर बोलतो म्हणालो, त्या हो म्हणाल्या. मृत्यूबद्दल मुलांनी विचारले तर काय सांगू, असेही विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मी वर्गात असेन. तुम्ही खरे सांगा, पण जपून सांगा, आणि मग मी मुलांशी बोलेन." आमच्या वेळी असे कोणाला विचारायची पद्धत नव्हती.

जाता जाता नातेवाईकांना एक विनंती. अमळनेरच्या काकूंच्या माळ्यावर 'साधना'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते, हे मला पक्के आठवते. त्यात जून-जुलै १९५० चे असतील. घर विकताना ते कुणी नेले असतील, किंवा रद्दीत गेले नसतील, तर मला कळवा. त्या वेळी माणसांनी काय लिहिले होते ते २४ तारखेच्या आत एकदा वाचायचे आहे. झेरॉक्सचे पैसे मी देईन.